बिनगाठीचा दोर

सिंधुला काळजी करायला कारण लागत नसे, हे आधीच सांगितलेलं बरं. कुलूप लावलं की ती तीनदा ओढून पाहायची. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं की आत बोटं घालून ते पडलं का याची खात्री करायची. पण त्या शनिवारी दुपारी कारण आपल्या पायांनी चालत तिच्या लातूरच्या खोलीवर आलं. धाकटा भाऊ नरसिंग एस.टी.तून उतरून थेट आला होता. पाणीसुद्धा न मागता तो म्हणाला, "ताई, बाया दोर मागून राहिल्यात. उद्यापून टँकर हिरीत रिता करनार हायेत."

सिंधुनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर नऊचे नऊ दोर होते, फक्त त्यांना आता दोर म्हणता आलं नसतं.

आपल्याकडे लोकरीला विचारतो कोण? थंडी ही मराठवाड्यात पंधरा दिवसांची पाहुणी. ती जाते तेव्हा स्वेटर अजून एका बाहीवरच असतो. सिंधु कन्याशाळेत शिवणकाम शिकवायची, तिथं विणकाम म्हणजे बाळाचं टोपडं आणि दारावरचं तोरण. पण तिला या विद्येची गोडी लागली होती ती नांदेडला, डी.एड. करताना. गुरुद्वाऱ्याजवळच्या गल्लीत ती राहायची आणि घरमालकीण पंजाबी होती. सगळे तिला बीजी म्हणत. ही बाई भर वैशाखात ओट्यावर बसून सुया चालवायची. सुलटा टाका, उलटा टाका, सुटलेला टाका कसा उचलायचा, हे सगळं सिंधु तिच्याकडून शिकली. फक्त बीजीचं विणलेलं कुणाच्या तरी अंगात जायचं आणि सिंधुचं कुणाच्याच अंगात जात नसे. ती सुतळी विणायची, केळीचं सोपट विणायची, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या विणायची. हे काय आहे, असं विचारलं की तिला सांगता येत नसे आणि त्याचीही तिला काळजी वाटायची. शाळेतल्या बाया आपसात म्हणत, की सिंधुबाई कामाला चांगल्या आहेत, पण लग्नाचं वय या दोऱ्यातच गुंडाळून टाकणार.

दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झालेली, कचेऱ्यांच्या भिंतींना अजून चुन्याचा वास येत होता, आणि नव्या साहेबांच्या टेबलावर पहिला कागद आला तो टँकरचा. औशाच्या पुढे सिंधुचं माहेर, धोंडवाडी. पौषात ती तिथं गेली तेव्हा विहिरीचा तळ उघडा पडला होता. टँकर फाट्यावर उभा राहायचा, बाया नळीनं घागरी भरून घ्यायच्या. दोराला काम नव्हतं. घराघरात खुंटीवर अंबाडीचे दोर वेटोळं घालून पडलेले. त्यांचा वापरून गुळगुळीत झालेला रंग पाहिला आणि सिंधुच्या बोटांना खाज सुटली.

तिनं ते मागितले. दोराचा स्वेटर करून राहिलीस का, म्हणून बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि देऊन मोकळ्या झाल्या. आठ दोर तिच्या स्वतःच्या वस्तीतले, त्यात एक तिच्या आईचा, कोंडाबाईचा. नववा विहिरीजवळच्या मोठ्या घरातला, हणमंतराव पाटलांच्या कस्तुराबाईचा. इथं एक गोष्ट सांगायला हवी. वस्ती छप्पन्न सालापासून बौद्ध. गावविहिरीवर पाणी भरण्यावरून जे व्हायचं ते सगळं होऊन गेलेलं, आता त्यावर कुणी तोंड उघडत नसे. पण एक रीत मागे राहिली होती. पाणी सगळ्यांचं, दोर ज्याचा त्याचा. प्रत्येक घराच्या दोराच्या टोकाला त्या घराची चिंधी बांधलेली असायची आणि एकीच्या दोराला दुसरी हात लावत नसे. पाटलाची बाई वस्तीतला दोर धरत नसे, तशी वस्तीतली बाईही पाटलाच्या दोराकडे ढुंकून पाहत नसे. मान काय एकाच घरात असतो होय?

कस्तुराबाईनं दोर दिला तो बजावून दिला. "शिकलेली पोर हायेस म्हनून देते. पर आमचा आमालाच वापस आला पायजे." विहिरीला पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी हजर करीन, असा सिंधुनं शब्द दिला.

मग तिनं केलं ते फक्त विणणाऱ्या माणसाच्याच हातून होईल. एवढा जाड दोर सुईवर कसा चढणार? तिनं कुदळीचे दोन दांडे तासून घेतले आणि त्यांवर विणायला घेतलं. पण दोन दोर गाठ मारून जोडले की गाठ दांड्यावर अडायची आणि विणीत आवाळूसारखी वर यायची. तेव्हा ती दगडोबाकडे गेली. दगडोबा म्हणजे वाडीत दोर वळणारा शेवटचा म्हातारा. त्यानं तिला सांधा शिकवला. दोन्ही टोकांचा पीळ उलगडायचा, तीन तीन पेड मोकळे करायचे, एकमेकांत गुंफून परत पीळ भरायचा. नीट जमलं तर दोर कुठं संपला आणि कुठं सुरू झाला हे डोळ्यांना कळत नाही. सिंधुला ते इतकं आवडलं, की विणीत दिसतात म्हणून तिनं टोकांच्या चिंध्यासुद्धा कापून केरात टाकल्या. नऊ घरांचा एक दोर झाला, बिनगाठीचा, बिनखुणेचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

तीन महिने ती विणत होती, उसवत होती, पुन्हा विणत होती. शेवटी दारापेक्षा थोडं लहान असं काहीतरी तयार झालं. वर वीण घट्ट, दगडाच्या बांधकामासारखी, आणि खाली येता येता टाके तिनं मुद्दाम सोडून दिलेले, त्यामुळे तळाशी नुसत्या लोंबत्या शिड्या. ते पाहायला चित्रकला शिक्षक आप्पासाहेब आले होते. नव्या जिल्ह्याचं पहिलं कलाप्रदर्शन त्यांच्या अंगावर पडलं होतं. वीण वरून खालपर्यंत पाहून ते म्हणाले, हे काय आहे असं मी विचारणार नाही, दुसऱ्या कुणाला विचारूही देणार नाही, हे मधल्या भिंतीवर लागेल. त्या रात्री सिंधुला आनंदानं झोप आली नाही आणि उरलेली झोप काळजीनं उडाली. उद्घाटन रविवारी होतं. म्हणजे उद्या.

आणि आता नरसिंग सांगत होता, की फाट्यावर टँकरपाशी भांडणं फार झाली, परवा एकीच्या डोक्यात घागर बसली, म्हणून हुकूम निघाला आहे. टँकर सरळ विहिरीत रिकामा करायचा, ज्यानं त्यानं शेंदून घ्यायचं. चैत्रात रोजगार हमीवर विहीर खोल केली होती, तिथं आता पाणी पडणार. पण वस्तीत एकाही घरी दोर नव्हता.

सिंधु आधी बाजारात पळाली. गोलाईतल्या दोन दुकानांत विचारलं. अंबाडी पिकलीच नव्हती तर दोर कुठून येणार? नायलॉनचा माल बुधवारी येईल, असं तिसऱ्यानं सांगितलं. ती परत आली तेव्हा आप्पासाहेब हातगाडी घेऊन दारात उभे होते. त्यांना सगळं ऐकवलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांचीही मान अडकली होती. पत्रिकेत तिचं नाव छापलेलं, पाहुण्यांना सांगून ठेवलेलं. ते म्हणाले, एक दिवस लाव, सोमवारी सकाळी मी स्वतः काढून देतो. एका दिवसानं काय होतंय?

खरं सांगायचं तर सिंधुला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. तिनं एक टोक खिळ्यावरून काढलं ते आप्पासाहेबांच्या गाडीवर घालायलाच.

तेवढ्यात नरसिंग खाली बघत म्हणाला, "उद्या समद्या बाया हिरीवर येतेल. तू तर हितं राहशील. इचारतील ते आईला."

कोंडाबाई रिकाम्या हातानं विहिरीच्या काठावर उभी, आणि समोर कस्तुराबाई. सिंधुला ते स्वच्छ दिसलं. आप्पासाहेबांकडे न पाहता ती म्हणाली, "सर, भिंतीला दुसरं काहीतरी लावा." आणि दोराचं टोक शोधून तिनं ओढलं.

विणलेल्या गोष्टीचं एक वाईट असतं. शिवलेलं उसवायला कात्री लागते, पण विणलेलं एका टोकाला ओढलं की आपण होऊन सुटत जातं. तीन महिन्यांचं काम अर्ध्या तासात जमिनीवर ढीग होऊन पडलं. आप्पासाहेब उंबऱ्यात बसून राहिले, मग रिकामी गाडी घेऊन गेले. सिंधुला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, वाडीचा आला, आणि ज्यानं कुणी तो हुकूम काढला त्याचा तर फारच आला. पोत्यात दोर भरताना ती ढसाढसा रडली. नरसिंगनं पोतं एस.टी.च्या टपावर चढवलं.

गाडीत बसल्यापासून नवी काळजी सुरू झाली. एक दोर आणि नऊ घरं. चिंध्या तर केरात गेलेल्या. कस्तुराबाईला तिचाच दोर कसा द्यायचा? तिनं डोळे मिटून बोटांना आठवायला लावलं. कोंडाबाईचा दोर मऊ, तीन पेडांतला एक बारीक. कस्तुराबाईचा जाड, पीळ घट्ट, वासराला बांधलेला असावा अशी एका जागी दबलेली खूण. उरलेले सातही तिला हळूहळू ओळखू यायला लागले. तीन महिने हातातून गेलेली वस्तू हात विसरत नाही.

घरी पोचल्याबरोबर, उजेड होता तोवर ती आणि आई अंगणात बसल्या. सिंधु दोर बोटांतून सरकवत न्यायची, थांबायची, आणि सांधा उलगडायची. नऊचे नऊ दोर वेगळे झाले. कोंडाबाई ते घरोघर देऊन आली. कस्तुराबाईनं आपला दोर उलटसुलट पाहिला, नाकाला लावला, चिंधी कुठं गेली म्हणून कुरकुरली, पण ओळखला. आमचाच आहे म्हणाली. घोडं गंगेत न्हालं असं सिंधुला वाटलं.

रविवारी सकाळी टँकर आला. विहिरीच्या काठावरून पाण्याची धार खाली पडू लागली तशी सगळ्या बाया वाकून पाहू लागल्या. गावातली बाकीची मोठी घरं जनावरं घेऊन मुखेडकडे पाहुण्यांत गेली होती, त्यामुळे वस्तीतल्या आठजणी आणि कस्तुराबाई एवढ्याच होत्या. टँकर गेला. रिवाजाप्रमाणे पहिला मान कस्तुराबाईचा. तिनं गडगडीच्या चाकावर दोर टाकला, पोहरा सोडला. दोर सरसर गेला, सरला, आणि पोहरा मध्येच लोंबत राहिला. पाणी अजून दहा-बारा हात खाली होतं.

जुन्या विहिरीला अठ्ठावीस हात दोर पुरत असे. विहीर खोल करताना सगळ्यांनी टोपल्या वाहिल्या होत्या, खाली मुरूम किती लागला ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दोर तेवढाच राहिला हे एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथं आडात होतं आणि पोहराच पोचत नव्हता. त्यात तळाचा कोरडा मुरूम पाणी पीत होता. काठावरच्या एका दगडाची सावली पाण्यात दिसत होती, ती बघता बघता खाली सरकली.

वस्तीतली सरजाबाई हुशार. तिनं आणि शेजारणीनं लगेच दोन दोर गाठ मारून जोडले. पोहरा पाण्याला लागला, भरला, वर ओढताना गाठ गडगडीच्या खाचेत अडकली. दोघींनी जोर लावला. गाठ सुटली आणि पोहरा दोरासकट खाली गेला.

सगळ्यांनी सिंधुकडे पाहिलं.

दगडोबा मुलाकडे नांदेडला गेलेला. सांधा येणारं दुसरं माणूस वाडीत नव्हतं. सिंधु खाली बसली आणि काल उलगडलेली टोकं पुन्हा गुंफायला लागली. आणि आता तिला खरी भीती वाटली. आजवर तिच्या सांध्यानं काही तोललं नव्हतं, तो भिंतीवर नुसता लोंबत होता. इथं भरला पोहरा लटकणार. कोंडाबाईचा आणि तिच्या शेजारणीचा दोर तिनं जोडला, पीळ भरला, पायाखाली धरून ओढून पाहिला. तीनदा. मग चौथ्यांदा. आईनं तो तिच्या हातून काढून घेतला आणि विहिरीत सोडला. सांधा गडगडीवरून बिनबोभाट गेला. भरला पोहरा वर आला तेव्हा सिंधुनं पुढच्या दोन दोरांची टोकं ओढून घेतली.

मग एकामागून एक. सरजाबाईचा बुडालेला दोर गळ टाकून काढला, तोही जोडला. आठ दोरांचे चार झाले. दहा वाजून गेले असतील. लातुरात समई पेटली असेल, पाहुणे मधल्या भिंतीसमोर आले असतील, आणि आप्पासाहेब काहीतरी सांगत असतील. सिंधुला त्या भिंतीची फार आठवण आली. आपण काही मोठं केलं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. आपलं गेलं, एवढंच वाटत होतं.

कस्तुराबाई काठाच्या त्या बाजूला आपला दोर गुंडाळून उभी होती. तिला जोडायला गावातला दुसरा दोर नव्हता. वस्तीतल्या बाया तिच्याकडे बघत नव्हत्या. आमचा घ्या, असं म्हटलं आणि तिनं नको म्हटलं, तर तो अपमान कोण सोसणार? आणि मागायचं तर कस्तुराबाईनं कुणाला मागायचं? हणमंतराव जनावरांबरोबर गेलेले, घरी म्हातारी सासू खाटेवर. पाणी खाली खाली जात होतं, आणि सगळ्याजणी आपापला दोर ओढण्यात दंग असल्यासारखं दाखवत होत्या.

कोंडाबाईनं शेवटची घागर भरली. तिचा जोडदोर छप्पन्न हात, लागत होता चाळीसेक. उरलेलं टोक तिनं सिंधुच्या पुढ्यात टाकलं.

सिंधु उठून कस्तुराबाईजवळ गेली. "काकू, जोडू का?"

कस्तुराबाईनं त्या टोकाकडे पाहिलं, मग विहिरीत पाहिलं. ओठ घट्ट मिटून तिनं आपला दोर पुढे केला. "म्हातारीच्या तोंडात सकाळपून थेंब न्हाई," ती म्हणाली. "जोड."

सिंधुनं आईच्या दोरातून चौदा हातांचा तुकडा कापून घेतला आणि जोडायला बसली. जाड दोराला मऊ दोर सांधणं अवघड. पेड उतरते करावे लागतात, पीळ जुळवावा लागतो. कस्तुराबाई तिच्या डोक्यावर उभी राहून बोटांकडे टक लावून बघत होती, पण सिंधुच्या बोटांचा वेगच असा की मध्येच कुठंतरी आपला दोर तिच्या नजरेतून हरवला. काम झालं. कस्तुराबाईनं दोर हातात घेतला, वरखाली सरकवून पाहिला, अंगठ्यानं चाचपला.

"आमचा कुठं सरला?" तिनं विचारलं.

सिंधुला डोळे बांधून सांगता आलं असतं. त्या घडीला तिचं बोट त्याच जागेवर होतं. तिनं बोट काढून घेतलं.

"आता न्हाई सांगता येत, काकू."

कस्तुराबाईनं तिच्याकडे पाहिलं. काल संध्याकाळी याच पोरीनं नऊ दोर नऊ घरी बिनचूक पोचवले होते, हे काय ती विसरली असेल? पण ती "बरं" एवढंच म्हणाली आणि पोहरा सोडला. आधी तिचा जाड दोर गेला. मग सांधा गडगडीवरून गेला. पाणी आणखी उतरलं होतं, म्हणून दोर जवळजवळ सगळा सुटला आणि कस्तुराबाईच्या दोन्ही मुठींत उरला तो फक्त कोंडाबाईचा तुकडा. खाली पोहरा बुडाल्याचा आवाज आला. तिनं मुठी आवळल्या आणि ओढायला लागली.